मद्यपान करून वाहन चालवल्याचा गुन्हा आणि वाहन परवाना : ठाणे-नवी मुंबईतील नव्या वाहनचालकांसाठी

गटारी, थर्टी फर्स्ट आणि धुळवडीच्या दिवसांत माजिवडा, तीन हात नाका, घोडबंदर रस्ता, येऊरचा पायथा, पाम बीच मार्ग किंवा शीव-पनवेल महामार्ग यांपैकी कुठे ना कुठे नाकाबंदी असणार, हे इथल्या जुन्या रहिवाशांना सांगावे लागत नाही. नोकरीसाठी सातारा, नाशिक किंवा जळगावहून नुकतेच इकडे आलेले आणि पहिलीच गाडी घेतलेले तरुण मात्र या कारवाईकडे हेल्मेटच्या चलनासारखे पाहतात. दंड भरायचा, पावती घ्यायची आणि विषय संपवायचा, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी अनेकांचा वाहन परवाना हातचा जातो.

नाकाबंदीवरच्या त्या एका रात्रीतून दोन स्वतंत्र प्रकरणे सुरू होतात. पहिले न्यायालयात चालते आणि त्यात शिक्षेचा प्रश्न असतो. दुसरे प्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे आरटीओत चालते आणि त्यात परवान्याचा प्रश्न असतो. एकाचा निकाल लागला म्हणून दुसरे आपोआप मिटत नाही, आणि दोन्हीकडे ठरलेल्या दिवशी हजर राहण्याची जबाबदारी आपलीच असते. पुढील सर्व टप्पे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार, चाचणीत रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक आढळले आणि अशा स्थितीत व्यक्ती वाहन चालवत असेल किंवा चालवण्याचा प्रयत्न करत असेल, तर गुन्हा होतो. ‘मी पूर्ण शुद्धीत होतो, गाडी नीट चालवत होतो’ हा बचाव इथे उपयोगाचा नाही, कारण अल्कोहोलच्या बाबतीत कायदा आकडा पाहतो. अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास चालक असमर्थ होता का, ही कसोटी लावली जाते. कार, मोटारसायकल, रिक्षा आणि नोंदणीकृत इलेक्ट्रिक स्कूटर यांत या कलमापुरता फरक नाही.

पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या किंवा त्यापुढील गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीने आले. त्याआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त २,००० रुपये होता आणि मागील गुन्ह्यापासून तीन वर्षांच्या आत पुन्हा पकडले गेल्यासच दुसऱ्या गुन्ह्याची वाढीव शिक्षा होत असे. ही तीन वर्षांची अट आता काढून टाकलेली आहे, त्यामुळे जुनी शिक्षा कितीही वर्षांपूर्वीची असली तरी ती पुढच्या वेळी मोजली जाऊ शकते.

याहून महत्त्वाची बाब अशी की कलम १८५ हा तडजोडयोग्य गुन्हा नाही. अधिनियमाच्या कलम २०० मध्ये जागेवर किंवा ऑनलाइन दंड भरून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी आहे आणि त्या यादीत १८५ चा समावेश नाही. म्हणून नाक्यावर पैसे भरून हा विषय संपत नाही, आणि थकीत ई-चलने निकाली काढणाऱ्या लोकअदालतीतही तो मिटत नाही. ‘इथेच मिटवून टाकू’ असे कोणी सुचवत असेल, तर तो आपल्याला दुसऱ्या आणि कदाचित अधिक गंभीर गुन्ह्यात ओढत आहे, हे ओळखावे.

नाकाबंदीवर थांबवले असता

गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला मद्यपानाचा वाजवी संशय आल्यास कलम २०३ नुसार तो श्वासाचा नमुना मागू शकतो. शांतपणे गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि कागदपत्रे दाखवावीत. परवाना, आरसी, विमा आणि पीयूसी ही कागदपत्रे डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दाखवता येतात. हुज्जत घालणे, मोबाइल कॅमेरा अधिकाऱ्याच्या तोंडासमोर धरणे किंवा ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावणे यांपैकी एकाही गोष्टीचा उपयोग होत नाही. धक्काबुक्की झाली, तर सरकारी कामात अडथळा आणल्याचा वेगळा गुन्हा लागतो आणि तो १८५ पेक्षा कितीतरी जड असतो.

चाचणीच्या वेळी तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. नळी नवी, आपल्यासमोर वेष्टनातून काढलेली असावी, अशी विनंती करण्यात गैर काही नाही. यंत्रावरचा आकडा स्वतः पाहावा. छापील पावती निघत असेल, तर तिच्यावरील वेळ, यंत्राचा क्रमांक आणि आकडा यांचा फोटो घ्यावा. नुकतेच माउथवॉश वापरले असेल किंवा अल्कोहोलयुक्त औषध घेतले असेल, तर ते लगेच सांगावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करावी, कारण तोंडात राहिलेले अल्कोहोल तेवढ्या वेळात निघून जाते, रक्तातले मात्र राहते.

फुंकर मारण्यास नकार देणे हा अनेकांना हुशारीचा मार्ग वाटतो. प्रत्यक्षात नकार दिल्यास आणि अधिकाऱ्याला रक्तात अल्कोहोल असल्याचा वाजवी संशय असल्यास, तो विनावॉरंट अटक करू शकतो आणि त्यानंतर रक्ताचा नमुना मागितला जाऊ शकतो. शिवाय कलम २०५ नुसार सबळ कारणाशिवाय दिलेला नकार न्यायालयात सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळकटी देणारी परिस्थिती म्हणून धरला जाऊ शकतो. माझ्या मते नकारातून मिळण्यासारखे काही नाही आणि गमावण्यासारखे पुष्कळ आहे.

सकाळच्या नाकाबंदीविषयीही इथे लिहिणे आवश्यक आहे, कारण रात्री टॅक्सीने घरी जाणारे सुजाण लोकही तिथे सापडतात. शरीर रक्तातील अल्कोहोल १०० मिलिलिटरमागे साधारण ताशी १५ मिलिग्रॅम या संथ गतीने कमी करते. मध्यरात्री एक वाजता रक्तातील प्रमाण १५० असेल, तर सकाळी सात वाजता ते सुमारे ६० असते, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. काळी कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी तरतरी वाटते, पण आकडा खाली येत नाही. घोडबंदरहून सकाळी लवकर कामावर निघणाऱ्याने आदल्या रात्रीचा हिशेब असा करावा.

अटक झाल्यास

अनेकदा चाचणीचा अहवाल तयार करून, परवाना ताब्यात घेऊन आणि न्यायालयात हजर राहण्याची सूचना देऊन चालकाला सोडले जाते. परंतु अटक झालीच, तर काही हक्क माहीत असणे गरजेचे आहे. कलम २०२ नुसार १८५ खाली अटक केलेल्या व्यक्तीची अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडून तपासणी व्हावी लागते. तशी ती झाली नाही, तर तिला कोठडीतून सोडावे लागते. अशी सुटका म्हणजे गुन्हा रद्द झाला असे नव्हे. तरीही अटकेची वेळ, रुग्णालयात पोहोचण्याची वेळ आणि नमुना घेतल्याची वेळ या तीनही वेळा कुठेतरी लिहून ठेवाव्यात, कारण पुढे वकील आपल्याला सर्वांत आधी हेच विचारतात.

पोलीस ठाण्यात पुन्हा श्वासचाचणीची संधी दिली जाणे अपेक्षित आहे. रक्त घेताना कातडी पुसण्यासाठी अल्कोहोलचा बोळा वापरला जाऊ नये, बाटलीवर नाव, वेळ आणि मोहोर असावी, आणि नमुना टिकवण्यासाठी तिच्यात रासायनिक परिरक्षक असावे, या तांत्रिक बाबी क्षुल्लक वाटतात, पण प्रयोगशाळेच्या अहवालाचे वजन त्यांवर ठरते. अटक केलेली व्यक्ती महिला असेल आणि डॉक्टर पुरुष असतील, तर दुसऱ्या महिलेच्या उपस्थितीतच नमुना घ्यावा लागतो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करण्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कडक बंधने घातली आहेत. अपवादात्मक परिस्थिती असल्याशिवाय आणि महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय ती करता येत नाही.

केवळ कलम १८५ लागले असेल, तर गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे जामीन ही मेहेरबानी नसून हक्क आहे आणि तो आहे हे सांगणे पोलिसांचे कर्तव्य आहे. घरच्या किंवा ओळखीच्या व्यक्तीला अटकेची माहिती कळवण्याचा आणि वकिलाला भेटण्याचाही हक्क आहे. गावाकडचे आई-वडील रात्री दोन वाजता घाबरून जातील म्हणून कोणालाच न कळवणारे तरुण असतात. निदान इथे राहणाऱ्या एखाद्या शुद्धीतल्या मित्राला जरूर बोलवावे, कारण जामिनासाठी आणि गाडीसाठीही त्याची गरज लागते. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे आणि ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही अर्ज करता येतो.

कोऱ्या कागदावर सही करू नये. मराठीत लिहिलेला जबाब किंवा पंचनामा वाचता येत नसेल, तर तो वाचून दाखवण्याची मागणी करावी. परप्रांतातून आलेल्या सहकाऱ्याबरोबर आपण पोलीस ठाण्यात गेलो असू, तर हे काम आपल्याकडे येते.

गाडी आणि पावती

चालकाला अटक झाल्यास वाहनाची तात्पुरती व्यवस्था लावण्याचा अधिकार पोलिसांना आहे. वैध परवाना असलेली आणि मद्य न घेतलेली दुसरी व्यक्ती उपस्थित असेल, तर वाहन तिच्या हवाली करण्याची विनंती करावी. वाहन चौकीत नेले असेल, तर आरसी, विमा, पीयूसी आणि मालकाचे ओळखपत्र घेऊन दुसऱ्या दिवशी तिथे जावे. गाडी मित्राच्या किंवा कंपनीच्या नावावर असल्यास मालकाला स्वतः यावे लागते किंवा लेखी अधिकारपत्र द्यावे लागते. कंपनीला हे लपवण्याचा प्रयत्न साधारणतः इथेच फसतो. तसेच आपला मित्र प्यायलेला आहे हे ठाऊक असूनही चावी देणाऱ्या मालकाने कलम १८८ वाचावे, कारण अपप्रेरणा देणाऱ्यालाही मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा त्यात सांगितली आहे.

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे परवाना ताब्यात घेतल्याची पोचपावती. कलम २०६ मध्ये २०१९ साली घातलेल्या पोटकलमानुसार, १८५ चा गुन्हा झाल्याचे वाटल्यास अधिकारी परवाना ताब्यात घेऊन तो अनुज्ञप्ती प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे पाठवतो आणि चालकाला तात्पुरती पोच देतो. आता घोटाळा असा होतो की इतर काही कारवायांमध्ये मिळणाऱ्या पोचपावतीवर काही काळ गाडी चालवता येते, म्हणून लोक हीच पावती खिशात ठेवून दुसऱ्या दिवशी कामावर गाडी घेऊन निघतात. या पोटकलमाखालील पोच वाहन चालवण्याचा अधिकार देत नाही, असे कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे. परवाना परत हातात येईपर्यंत गाडीला हात लावू नये. डिजीलॉकरमध्ये परवाना अजूनही दिसतो, या सबबीने काही फरक पडत नाही.

आरटीओतील सुनावणी

परवाना वाचवायचा असेल, तर लढाई मुख्यतः इथे होते, आणि नवखे लोक नेमके इकडेच दुर्लक्ष करतात. पहिल्या आठवड्यातच वाहतूक शाखेत जाऊन परवाना कोणत्या कार्यालयाकडे आणि कोणत्या जावक क्रमांकाने पाठवला, हे विचारावे आणि लिहून घ्यावे. ठाण्याचा एमएच ०४, कल्याणचा एमएच ०५, नवी मुंबईचा एमएच ४३ आणि पनवेलचा एमएच ४६ अशी इथली कार्यालये वेगवेगळी आहेत, आणि परवाना साताऱ्याचा किंवा जळगावचा असेल, तर गोंधळाला अधिकच वाव असतो. परवान्यावर गावचा पत्ता असल्यास नोटीस गावी जाते, वडील ती कपाटात ठेवतात आणि सुनावणीची तारीख उलटून जाते. म्हणून संबंधित कार्यालयाला सध्याचा पत्ता व मोबाइल क्रमांक लेखी अर्जाने कळवावा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा.

कलम १९ नुसार प्राधिकाऱ्याला आपले म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय आदेश काढता येत नाही. ऐकून घेतल्यावर त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. कारवाई रद्द करून परवाना परत द्यायचा किंवा सविस्तर कारणे नोंदवून अपात्र ठरवायचे, म्हणजे परवाना बाळगण्यास मनाई करायची. पहिल्या गुन्ह्यासाठी अपात्रतेचा कालावधी तीन महिने आहे, आणि दुसऱ्या किंवा पुढील गुन्ह्यासाठी परवानाच रद्द होतो.

सुनावणीला लेखी म्हणणे घेऊन जावे. त्यात घटनेची तारीख, वेळ, ठिकाण, चाचणीचा आकडा आणि पावतीचा क्रमांक ही माहिती आधी द्यावी. चाचणीबद्दल आक्षेप असेल, तर तो नेमका मांडावा : उदाहरणार्थ पावतीवरील वेळ आणि नाकाबंदीची वेळ जुळत नाही, पुनर्चाचणीची विनंती नाकारली गेली, रक्ताच्या नमुन्यात अल्कोहोल मर्यादेपेक्षा कमी आढळले. आक्षेप नसेल, तर पूर्वीचा स्वच्छ इतिहास, अपघात न झाल्याची बाब आणि उपजीविका वाहनावर अवलंबून असल्याचा पुरावा जोडावा. रिक्षा किंवा कॅब चालवणाऱ्याने बॅज, परमिट आणि कर्जाच्या हप्त्यांची कागदपत्रे जोडणे योग्य ठरते. केवळ ‘घरची परिस्थिती हलाखीची आहे’ एवढे तोंडी सांगून काही साधत नाही. कार्यालयाबाहेर उभे राहून ‘परवाना आजच काढून देतो’ म्हणणाऱ्या दलालांपासून दूर राहावे. कारण त्यांनी मिळवून दिलेला परवाना अभिलेखात जप्तच दिसत असेल, तर पुढच्या नाकाबंदीवर आपण आणखी खोल खड्ड्यात पडतो.

अपात्रतेचा आदेश मिळाल्यास तो मिळाल्यापासून ३० दिवसांत विहित प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. म्हणून आदेश हातात पडल्याची तारीख त्याच कागदावर लिहून ठेवावी आणि पाकीटही जपून ठेवावे.

न्यायालयातील प्रकरण

ठाणे शहरातील प्रकरणे साधारणतः ठाण्याच्या, कल्याण-डोंबिवलीतील कल्याणच्या, तर वाशी, नेरूळ, ऐरोली या भागांतील बेलापूरच्या न्यायालयात चालतात. खारघर, कामोठे, कळंबोली हे भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येत असले, तरी ते रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात मोडतात, त्यामुळे तिथल्या प्रकरणासाठी पनवेलचे न्यायालय गाठावे लागते. समन्सवर न्यायालयाचे नाव आणि कक्ष क्रमांक असतो, तो नीट वाचावा. खटला नोंदला गेल्यावर मिळणाऱ्या सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांकावरून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढची तारीख पाहता येते.

काही महिने समन्स आले नाही, म्हणून प्रकरण विरले असे समजू नये. पहिल्या गुन्ह्यात न्यायालयाने दखल घेण्यासाठी एका वर्षाची मुदत असते आणि तेवढ्या काळात ते केव्हाही येऊ शकते. तारखेला गैरहजर राहिल्यास आधी जामीनपात्र आणि नंतर अजामीनपात्र वॉरंट निघू शकते. आजारपणामुळे किंवा परीक्षेमुळे जाता येत नसेल, तर वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी द्यावा.

न्यायालयात पहिला प्रश्न असतो तो गुन्हा कबूल आहे का, हा. इथे मी थोडे थांबून सांगतो, कारण रांगेत उभे असलेले दहापैकी आठ जण काय करतात हे पाहून नवखा माणूसही ‘कबूल’ म्हणून मोकळा होतो. कबुली म्हणजे दोषसिद्धी. कलम २० नुसार १८५ खाली दोषी ठरलेल्या व्यक्तीला न्यायालयाने परवान्यासाठी अपात्र ठरवायचे असते आणि तो कालावधी सहा महिन्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही. आरटीओचे तीन महिने वेगळे आणि हे वेगळे. शिवाय ही दोषसिद्धी पुढे ‘पहिला गुन्हा’ म्हणून गणली जाते. नोकरीच्या किंवा परदेशी व्हिसाच्या अर्जात दोषसिद्धीबद्दल विचारले असेल, तर खरे उत्तर द्यावे लागते. कबुलीनंतर अपीलही मुख्यतः शिक्षेची मात्रा आणि वैधता एवढ्यापुरतेच उरते.

याचा अर्थ प्रत्येकाने खटला लढवावा असा नाही. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर असेल, पावती आणि वैद्यकीय अहवाल चोख असतील, तर वर्षानुवर्षे तारखा घेण्यापेक्षा शिक्षेच्या मात्रेवर योग्य बाजू मांडणे शहाणपणाचे असते. पण हा निर्णय कागद पाहूनच घ्यावा. वकील नेमून दोषारोपपत्र किंवा तक्रारीची प्रत, यंत्राचे कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) प्रमाणपत्र, छापील पावती, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि रक्त घेतले असल्यास न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा अहवाल पाहावा. यंत्राचे कॅलिब्रेशन केव्हा झाले, नमुना सीलबंद असताना पोहोचला का, आणि चालवणारी व्यक्ती आपणच होतो हे कोणत्या साक्षीदाराने सांगितले आहे, हे प्रश्न विचारण्यासारखे आहेत. वकील निवडताना अशा प्रकरणांत त्या न्यायालयात नियमित उभा राहणारा निवडावा. शुल्क आणि त्यात किती तारखा समाविष्ट आहेत, हे आधी ठरवून घ्यावे.

अपात्रतेच्या आदेशाविरुद्ध वरच्या न्यायालयात दाद मागता येते, परंतु अपील दाखल केले म्हणून आदेश थांबत नाही. त्यासाठी अपिलीय न्यायालयाकडून वेगळी स्थगिती घ्यावी लागते. कालावधी सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल, तर आदेशापासून सहा महिने उलटल्यावर ज्या न्यायालयाने किंवा प्राधिकाऱ्याने आदेश दिला त्याच्याकडेच अपात्रता उठवण्याचा अर्ज करता येतो. तो फेटाळला गेल्यास पुढचा अर्ज तीन महिन्यांनीच करता येतो.

अपात्रतेच्या काळात

या काळात वाहन चालवल्यास कलम १८२ लागते आणि त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. दुसऱ्या आरटीओतून नवा शिकाऊ परवाना काढण्याची शक्कल काही जण सांगतात. अपात्र व्यक्तीला परवाना मिळवताही येत नाही आणि अर्जात माहिती दडवणे हाही गुन्हाच आहे. ठाणे ते वाशी ट्रान्स-हार्बर लोकल आणि टीएमटी व एनएमएमटीच्या बस यांवर सहा महिने काढणे गैरसोयीचे असले, तरी अशक्य नाही.

विमा आणि अपघात

मद्याच्या अमलाखाली झालेल्या अपघातात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी पॉलिसीतील अपवादाच्या आधारे नाकारू शकते. चाचणी झालीच नव्हती, म्हणून दावा मिळालाच पाहिजे, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मधील एका निकालात असे सांगितले की चाचणीचा अहवाल नसला, तरी आजूबाजूच्या परिस्थितीवरून मद्याचा अंमल सिद्ध करता येतो. तृतीय पक्षाच्या दाव्यातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर कंपनीला मद्यपानाचा बचाव घेता येतो, त्यामुळे जखमी व्यक्तीच्या भरपाईचा बोजा अखेर वाहनमालकावर येण्याचा धोका राहतो.

अपघातात कोणी जखमी झाले असेल, तर सर्व चित्र बदलते. तेव्हा १८५ हे कलम केवळ सोबतीला उरते आणि भारतीय न्याय संहितेची कलमे मुख्य होतात : बेदरकार वाहन चालवण्यासाठी २८१, दुखापतीसाठी १२५, आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास कलम १०६, ज्यात पाच वर्षांपर्यंतचा कारावास आहे. मद्यपान आणि बेदरकारपणा यांचे स्वरूप गंभीर असेल, तर सदोष मनुष्यवधही लागू शकतो. वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली आणि सात जणांचा जीव गेला. त्या प्रकरणात सदोष मनुष्यवधाच्या आरोपाखालील दोषसिद्धी आणि तीन वर्षांचा सश्रम कारावास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम ठेवला. अशा प्रसंगी पळून जाऊ नये. जखमीला जवळच्या रुग्णालयात पोहोचवणे आणि पोलिसांना कळवणे हे कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्य आहे, आणि ते पार पाडल्याची नोंद पुढे न्यायालयापुढे येते. त्यानंतर लगेच फौजदारी वकिलाशी बोलावे. हा मार्गदर्शक लेख अशा प्रकरणासाठी पुरेसा नाही.

परवाना परत घेताना

अपात्रतेची मुदत संपली की परवाना टपालाने घरी येईल, अशी वाट पाहत बसू नये. कलम १९ मध्ये आता अशी अट आहे की चालक उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केल्यावरच परवाना परत मिळतो. म्हणून मुदत संपण्याच्या महिनाभर आधी आरटीओत जाऊन हे प्रशिक्षण कुठे घ्यायचे आणि त्याचे प्रमाणपत्र कोणत्या खिडकीवर द्यायचे, याची चौकशी करावी. न्यायालयाचा आदेशही असेल, तर दोन्ही मुदती वेगवेगळ्या तारखांना संपतात आणि गाडी चालवण्यासाठी त्यांतील नंतरची तारीख धरावी लागते. अर्जासोबत आदेशाची प्रमाणित प्रत, दंड भरल्याची पावती, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि जप्तीची मूळ पोच जोडावी. परवाना हातात मिळाल्यावर तिथून निघण्यापूर्वी सारथी संकेतस्थळावर आपला परवाना क्रमांक टाकून त्याची स्थिती पाहावी. तिथे अजूनही अपात्र अशी नोंद दिसत असेल, तर ती दुरुस्त करण्याचा अर्ज त्याच दिवशी, त्याच खिडकीवर द्यावा आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा.